जेसलमेरच्या सहलीची आंखणी

आपल्या मलकापुराहून जेसलमेर आगगाडीच्या वाटेनें तेराशें किलोमीटरांहून अधिक दूर आहे. भुसावळ, जळगांव, सुरत, अहमदाबाद व जोधपूर या मार्गानें गेलें असतां, गाड्या बदलण्यांत जाणारा वेळ धरून, जावयास जवळजवळ दोन दिवस व परत येण्यास तितकेच दिवस लागतात. ‘येत्या हिंवाळ्यांत आपली सहल वाळवंटांतील एखाद्या शहरीं जावी आणि एक रात्र तरी तंबूंत काढावी’ अशी लेखी मागणी नववीच्या विद्यार्थ्यांनीं मजपुढें ठेविली, तेव्हां मीं त्यांस पहिला प्रश्न हाच विचारला कीं, चार दिवस आगगाडींत बसून जें पाहावयाचें तें काय? उत्तरें पुष्कळ आलीं. किल्ला, हवेल्या, उंट, वाळूच्या टेकड्या, सीमेजवळील रणभूमि, चित्रपटांत पाहिलेलीं स्थळें. एकानें तर सोळा स्थळांची यादीच करून आणिली होती. यादी चुकीची नव्हती. परंतु दोन-तीन दिवसांत सोळा स्थळें पाहणें म्हणजे एकहि न पाहणें होय, हें मला स्वानुभवानें ठाऊक आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं मीं एक सहल नेली होती. दोन दिवसांत अकरा ठिकाणें मींच आंखलीं होतीं, आणि पत्रक पाहून पालकहि संतुष्ट झाले होते. दुसऱ्या दिवशीं सातव्या ठिकाणीं मोटार थांबली तेव्हां निम्मीं मुलें झोंपलेलीं होतीं; जीं जागीं होतीं तीं उतरावयास तयार होईनात. परत आल्यावर निबंध लिहावयास सांगितला. बहुतेकांनीं पत्रकांतील नांवें ओळीनें उतरून काढिलीं. एकानें मात्र वाटेंत मोटारीचें चाक कसें निकामी झालें व चालकानें तें कसें बदललें, याचें दोन पानें भरून वर्णन केलें. सबंध सहलींत त्यानें मन लावून पाहिलेली ती एकच गोष्ट होती. त्या निबंधास मीं सर्वांत अधिक गुण दिले आणि दोष आपल्या माथीं घेतला.

यासाठीं यंदा एकच सूत्र धरून आंखणी करावी असें मीं सुचविलें. तें सूत्र पाणी. विद्यार्थ्यांस प्रथम तें रुचलें नाहीं. वाळवंटांत जाऊन पाणी काय पाहावयाचें? परंतु विचार करा. आपल्या जिल्ह्यांत वर्षाकाठीं सरासरीनें सातशें मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. जेसलमेरास दोनशें मिलिमीटरहि पडत नाहीं. तरी उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहणारीं गांवें आपल्याकडे आहेत, आणि तिकडे त्याच तुटपुंज्या पावसावर एक राजधानी आठशें वर्षें नांदली. आणखी एक साम्य आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यांतील खारपाणपट्टा तुम्हांस माहीत आहे. त्या पट्ट्यांत विहीर खणली तरी पाणी खारट लागतें. तें प्यावयासहि चांगलें नाहीं आणि पिकांसहि नाहीं. जेसलमेरच्या बाजूसहि पुष्कळ ठिकाणीं खोलवरचें पाणी खारेंच आहे. ज्यांच्यावर आपल्यासारखीच, किंबहुना आपल्याहून कठीण पाळी आली, त्यांनीं काय केलें हें डोळ्यांनीं पाहावयास मिळत असेल, तर चार दिवसांचा प्रवास मी महाग समजत नाहीं.

आतां ऋतूचा विचार. मे महिन्यांत तेथील उष्णता ४२ अंशांच्या वर जाते, तेव्हां उन्हाळ्याच्या सुट्टीचें नांवच नको. नाताळापासून नववर्षापर्यंत प्रवाशांची इतकी दाटी असते कीं उतारू कमी आणि दर दुप्पट अशी स्थिति होते. माघी पौर्णिमेच्या सुमारास मरुमहोत्सव भरतो. तो पाहण्यासारखा असला तरी शाळेच्या तुकडीस सांभाळून नेण्यासारखा नव्हे. राहिला जानेवारीचा दुसरा किंवा तिसरा आठवडा. या दिवसांत दुपारचें तपमान तेवीस-चोवीस अंश, परंतु रात्रीं तें सात-आठ अंशांवर उतरतें, आणि कधीं त्याहूनहि खालीं. ज्या घोंगडींत आपण मलकापुरास हिंवाळा काढतों ती तेथें उघड्यावर पुरणार नाहीं. याचें कारण भूगोलाच्या तासास शिकलांच आहां: हवेंतील बाष्प व ढग हें पृथ्वीचें पांघरूण आहे. जेथें हवा कोरडी व आकाश निरभ्र, तेथें दिवसाची ऊब सूर्यास्तानंतर थांबत नाहीं. शिवाय वाळूच्या कणांमध्यें हवा असल्यामुळें ऊब फार खोल शिरत नाहीं. वरचा थर लवकर तापतो आणि लवकर निवतो.

तिथि निवडतांना चंद्राकडेहि पाहावें. विद्यार्थ्यांचा आग्रह पौर्णिमेचा होता, कारण चांदण्यांत वाळू सुंदर दिसते. माझा आग्रह अमावास्येचा, कारण तारे दिसतात. शेवटीं अमावास्येच्या दोन-तीन दिवस पुढें, म्हणजे संध्याकाळीं चंद्रकोर मावळून नंतर काळोख, असा मध्यम मार्ग निघाला. तो वाईट नाहीं.

शहरांत पोंचल्यावर पहिल्या सकाळीं किल्ल्याकडे धांव न घेतां प्रथम गडीसर तळ्यावर जावें. रावळ गडसी यांच्या नांवाचें हें तळें चौदाव्या शतकांतील आहे. नळ येण्यापूर्वीं शहराचा मुख्य आधार हेंच होतें. कांठावर छत्र्या, घाट व एक सुंदर कमान आहे, आणि त्यांचीं छायाचित्रें सर्वच घेतात. तुम्ही मात्र तळ्याभोंवतालचा उतार पाहा. कोणत्या बाजूनें पाणी येतें, येतांना तें कशावरून वाहतें, हें वहींत रेखाटा. वर्षांतून दोन-चारदांच येणारें पाणी अडवावयाचें असेल तर तें जेथून येतें ती जमीन स्वच्छ राखावी लागते. तळें राखणें म्हणजे आधीं त्याचें आगर राखणें होय.

तेथून वर किल्ल्याकडे पाहिलें म्हणजे तो सोनेरी दगडाचा डोंगरच वाटतो. भाटी राजपुतांचा रावळ जैसल यानें ११५६ सालीं तो वसविला. सुमारें ७५ मीटर उंचीच्या त्रिकूट टेकडीवर ९९ बुरूज आहेत, आणि आंत अजूनहि माणसें राहतात. हा ओसाड किल्ला नव्हे, तें एक जिवंत गांव आहे. २०१३ सालीं राजस्थानांतील आणखी पांच दुर्गांसह त्यास जागतिक वारशाचा मान मिळाला. आंतील जैन मंदिरें व तेथील ताडपत्रांवरील हस्तलिखितांचें भांडार यांची कीर्ति मोठी आहे. मंदिरांत जातांना चामड्याच्या वस्तु बाहेर ठेवाव्या लागतात, हें आधींच ध्यानांत असूं द्या.

परंतु किल्ल्यांत पाहावयाची खरी गोष्ट मार्गदर्शक दाखवील असें नाहीं. ती म्हणजे भिंतींना गेलेले तडे व ओल. पूर्वीं या किल्ल्यावर पाणी घागरींनीं चढत असे. तें माणशीं थोडें आणि जपून वापरलेलें. पुढें नळ आले. वस्ती होतीच, तींत प्रवाशांसाठीं खाणावळी व विश्रामगृहें वाढलीं, नळाचें पाणी अनेक पटींनीं अधिक वापरलें जाऊं लागलें, आणि गटारांची सोय तितकी नव्हती. तें पाणी टेकडीच्या पोटांत मुरूं लागलें. टेकडी अखंड कातळाची नसून तींत चिकणमातीचे व ठिसूळ दगडाचे थर आहेत. ते भिजून फुगले व सरकले, आणि कांहीं ठिकाणीं भिंती-बुरूज ढांसळले. १९९६ सालीं जगांतील धोक्यांत असलेल्या वास्तूंच्या एका प्रसिद्ध यादींत या किल्ल्याचें नांव आलें, आणि त्यानंतर दुरुस्तीचीं कामें हातीं घेण्यांत आलीं. पाण्याच्या टंचाईंत आठ शतकें टिकलेला दुर्ग पाण्याच्या विपुलतेनें खचूं लागला, हें पाहून मला तरी हसूं आलें नाहीं. म्हणून आपली उतरण्याची जागा किल्ल्यांत न ठरवितां खालीं शहरांत ठरवावी. किल्ल्यांतील खोलींतून सूर्योदय चांगला दिसतो म्हणतात. तो गडीसरच्या कांठावरूनहि दिसतो.

हवेल्यांस एक दुपार पुरे. गुमानचंद पटवा यांच्या घराण्याच्या पांच हवेल्यांचें बांधकाम १८०५ च्या सुमारास सुरू झालें. दगडावरील जाळीचें काम पाहतांना डोळे थकतात, म्हणून एकच गवाक्ष निवडून त्याचें चित्र काढावें. पण हा पैसा आला कोठून, हाहि प्रश्न विचारा. सिंधाकडे व पलीकडे जाणाऱ्या उंटांच्या तांड्यांचा मार्ग येथून होता. पुढें मुंबईचें बंदर वाढलें, लोहमार्ग पसरले, व्यापार समुद्राकडे वळला, आणि १९४७ च्या फाळणीनें उरलासुरला मार्गहि बंद झाला. आपल्या मलकापुराची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. १८६७ सालीं लोहमार्ग नागपुरापर्यंत पोंचला आणि वऱ्हाडचा कापूस त्याच मुंबईकडे धांवूं लागला. त्यामुळें आपल्या पेठा भरल्या. एका बंदरानें एक शहर वाढविलें व दुसरें निजविलें. इतिहासाच्या पुस्तकांत हीं दोन वाक्यें निरनिराळ्या धड्यांत येतात.

दुसरा दिवस शहराबाहेरचा. शहरापासून सुमारें अठरा किलोमीटरांवर कुलधरा हें ओस गांव आहे. पालीवाल ब्राह्मणांनीं तें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभास सोडलें. एका रात्रींत सारें गांव उठून गेलें अशी दंतकथा सांगतात, व भुतांच्या गोष्टीहि सांगतात; आमच्या कांहीं विद्यार्थ्यांचें त्याकडेच लक्ष आहे. पाणी आटणें, कारभाऱ्यांचा जाच, भूकंप अशीं निरनिराळीं कारणें अभ्यासकांनीं सुचविलीं आहेत. भुतांपेक्षां पालीवालांची शेती पाहण्यासारखी. तिला खडीन म्हणतात. खडकाळ उतारावरून पावसाचें पाणी ज्या सखल जागीं जमतें, तिच्या खालच्या तोंडाशीं ते लांब मातीचा बांध घालीत. पावसाळ्यांत तेथें पाणी सांचे; तें हळूहळू मुरे, व ओसरलें कीं त्याच ओल्या जमिनींत गहूं-हरभरा पेरीत. विहीर नाहीं, कालवा नाहीं, आणि रब्बीचें पीक! एवढेंच नव्हे, तर पाणी मुरतांना जमिनींतील क्षार खालीं जात. खारपाणपट्ट्यांत ज्यांचें शेत आहे अशा घरच्या मुलांनीं हा बांध पावलांनीं मोजावा, त्याची उंची लिहून आणावी, व घरीं वडिलांस दाखवावी. शेततळीं आपल्याकडेहि झालीं आहेत. दोहोंची तुलना करतां येईल.

त्याच भागांत बेरी नांवाच्या लहान तोंडाच्या विहिरी आढळतात. जमिनीखालीं कोठें कोठें जिप्समचा किंवा चिकण दगडाचा थर असतो. पावसाचें गोडें पाणी वाळूंतून झिरपून त्या थरावर थांबतें. खालच्या खाऱ्या पाण्यांत मिसळत नाहीं. बेरी खणणारा त्या थरापर्यंतच जातो, त्याला भोंक पाडीत नाहीं. कोठें थांबावें हें त्याला ठाऊक असतें. हल्लीं पंजाबांतील हरिके येथून निघणाऱ्या इंदिरा गांधी कालव्याचें पाणी जेसलमेर जिल्ह्यापर्यंत येतें. १९५८ सालीं त्याचें काम सुरू झालें. कालव्यामुळें बेरी व टांकीं कांहीं ठिकाणीं दुर्लक्षिलीं गेलीं, तरी तीं नाहींशीं झालेलीं नाहींत.

दुपारनंतर वाळूच्या टेकड्यांकडे. सम येथील टेकड्या शहरापासून चाळीस किलोमीटरांवर असून सर्वांत प्रसिद्ध आहेत, आणि म्हणूनच तेथें रात्रीं मोठमोठ्यानें गाणीं वाजतात. नैर्ऋत्येकडील खुरी हें गांव जवळजवळ तितक्याच अंतरावर आहे व त्यामानानें शांत आहे. मीं खुरीच्या बाजूनें मत दिलें. लोंगेवाला, जेथें १९७१ सालीं लढाई झाली, तें शंभर किलोमीटरांहून दूर आहे. त्यास सबंध दिवस जाईल, म्हणून तें वगळलें. यावर दोन मुलांनीं माझ्याशीं अबोला धरला. अकल येथें कोट्यवधि वर्षांपूर्वींच्या वृक्षांचीं दगड झालेलीं खोडें आहेत. तें शहरापासून जवळ असल्यामुळें परतीच्या दिवशीं अंगांत उत्साह उरला तर पाहूं.

उंटावर बसणाऱ्यांसाठीं एक सूचना. उंट प्रथम मागचे पाय उचलतो, त्यामुळें स्वार एकाएकी पुढें झुकतो. उठतांना मागें रेलावें आणि खोगिराची मूठ सोडूं नये. हंसणारांनीं आधीं स्वतः बसून पाहावें.

आतां राहुटीविषयीं. वाळूंत साध्या खुंट्या टिकत नाहींत. दोरीचें टोंक वाळू भरलेल्या पिशवीस किंवा आडव्या काठीस बांधून ती हातभर खोल पुरावी. मग वारा कितीहि सुटो. राहुटी दोन टेकड्यांमधील खोलगट जागीं ठोकूं नये, कारण थंड हवा जड असल्यानें तेथेंच उतरून सांचते. तशीच ती टेकडीच्या कडेवरहि नको. मुलींच्या राहुट्या मधोमध व शिक्षिकांच्या शेजारीं असाव्यात. सकाळीं जोडा झाडल्याशिवाय पाय घालूं नये. विंचू व फुरसें दोन्ही त्या प्रदेशांत आहेत. थंडींत तीं फार हिंडत नाहींत, परंतु अंधारांत विजेरीवांचून पाऊल टाकूं नये. औषधांची पेटी, जवळच्या दवाखान्याचा पत्ता व रात्रभर उपलब्ध असलेलें वाहन, या तीन गोष्टी निश्चित झाल्याशिवाय मी एकाहि मुलास वाळूवर झोंपूं देणार नाहीं.

पाण्याचा हिशेब विद्यार्थ्यांनींच केला. तीस विद्यार्थी व चार शिक्षक मिळून ३४ माणसें. दुपारपासून दुसऱ्या सकाळपर्यंत पिण्यास माणशीं तीन लिटर, स्वयंपाक व तोंड-हात धुण्यास दोन, एकूण पांच. म्हणजे १७० लिटर. वीस लिटरांचे नऊ डबे. हा हिशेब मांडल्यावर एका मुलीनें विचारलें, “गुरुजी, आपल्या घरीं एका माणसास किती लागतें?” तिला तें मोजून आणावयास सांगितलें. तिनें एक दिवस बादल्या मोजल्या. आंकडा आला तो तिनें वर्गांत वाचून दाखविला आणि नंतर बराच वेळ कोणी बोललें नाहीं. भांडीं प्रथम कोरड्या वाळूनें घांसून मग थोड्या पाण्यानें विसळावीं, असा नियम त्याच दिवशीं झाला.

जेवणासाठीं शिधा येथूनच न्यावा: ज्वारीचें पीठ, डाळ, शेंगदाण्याची चटणी. एक वेळ मात्र तेथील अन्न खावें. बाजरीची भाकर व केर-सांगरीची भाजी. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे दसऱ्यास ज्याची पूजा करतात तो आपला शमीवृक्ष. १७३० सालीं जोधपुराजवळील खेजडली गांवीं हीं झाडें तोडूं नयेत म्हणून अमृतादेवी व तिच्यासह ३६३ बिष्णोई स्त्रीपुरुषांनीं प्राण दिले. भाजी खातांना हें आठवावें. आपल्या ओळखीचा दुसरा रहिवासी म्हणजे माळढोक. त्यास तिकडे गोडावण म्हणतात. एके काळीं दख्खनच्या माळरानांवर तो विपुल होता, आणि सोलापूर जिल्ह्यांत नान्नज येथें त्यासाठीं १९७९ सालीं अभयारण्य झालें. आतां जे थोडे उरले आहेत ते बहुतेक जेसलमेरच्या बाजूस. तो दिसेल अशी आशा धरून जाऊं नये.

रात्रींचा अभ्यास एकच. ध्रुवतारा क्षितिजापासून जितका उंच, तितके त्या स्थळाचे अक्षांश. कोनमापकास दोरा व खडा बांधून हें मोजतां येतें. मलकापुरास हा कोन सुमारें २१ अंश येतो, जेसलमेरास सुमारें २७ यावा. नकाशाच्या प्रमाणावरून दोन्ही स्थळांमधील दक्षिणोत्तर अंतर काढिलें तर तें ६७० किलोमीटरांच्या आसपास भरतें. सहा अंशांस ६७० किलोमीटर, तर ३६० अंशांस किती? त्रैराशिक मांडा, पृथ्वीचा घेर हातीं येईल. घड्याळाकडेहि लक्ष ठेवा. जेसलमेर आपल्यापेक्षां पांच अंशांहून अधिक पश्चिमेस असल्यामुळें तेथें माध्यान्ह आपल्यानंतर सुमारें एकवीस मिनिटांनीं होतें.

शेवटीं पालकांस जें सांगावयाचें तें. सहलीची सूचना वर्गांत वाचली तेव्हां ‘कोण येणार?’ म्हणून हात वर करावयास सांगण्याची चूक मीं केली. मागील बांकावरील एका मुलानें हात वर केला नाहीं. कारण विचारतां तो म्हणाला, “मला उंटाची भीति वाटते.” हा मुलगा बैलजोडी एकटा हांकतो. मी उगीच राहिलों. दुसऱ्या दिवसापासून वर्गांत कोणाचाहि हात मोजावयाचा नाहीं असें ठरविलें. नांवें पालकांकडून बंद पाकिटांत यावींत, आणि खर्चाविषयीं जें बोलावयाचें तें मजपाशीं एकट्यानें बोलावें.

आगगाडीचीं तिकिटें सध्यां साठ दिवस आधीं काढतां येतात. जानेवारीच्या मध्यास निघावयाचें तर नोव्हेंबरच्या मध्यास पैसे भरावे लागतील. पहिल्या वेंचणीचा कापूस तेव्हां घरीं येऊं लागतो, परंतु तो विकला गेलेला असतोच असें नाहीं. सोयाबीनचें मात्र बहुधा झालेलें असतें. यास्तव पहिला हप्ता केवळ प्रवासभाड्यापुरता, तोहि शालेय सहलीस मिळणारी सवलत वजा करून, आणि उरलेला हप्ता निघण्याच्या आठ दिवस आधीं, अशी योजना आहे. पेरणीच्या दिवसांत कोणाकडूनहि कांहीं मागितलें जाणार नाहीं. जाड पांघरुणें शाळेंत एकत्र जमवून सर्वांस सारखीं वांटण्यांत येतील. नवीं विकत घेऊं नयेत. खर्चासाठीं मुलांजवळ द्यावयाची रक्कम सर्वांस एकच राहील, व ती शिक्षकांपाशीं जमा राहील. मोबाईल फोन मुलांनीं आणूं नयेत. दर रात्रीं आठ वाजतां सुखरूप असल्याचा निरोप शाळेकडून येईल.

दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या शनिवारीं शाळेच्या पटांगणांत एक रात्र राहुट्या ठोकून सराव करावयाचा आहे. त्या रात्रींचें पाणी पांच लिटरांच्या हिशेबानेंच मिळेल. ध्रुवताऱ्याचा कोन मोजण्याचें काम उंटास भिणाऱ्या मुलाकडे दिलें आहे. त्यानें दोरा, खडा व कोनमापक घेऊन गेल्या पंधरवड्यांत तीन वेळां मोजणी केली. साडेवीस, बावीस व एकवीस असे अंश आले. जेसलमेरचा रकाना त्यानें वहींत आंखून ठेविला आहे.